एटीव्ही, थार, जुनी जीप: मातीतून डांबरावर येताना या चुका टाळा

इंदूरजवळ सिमरोळच्या पुढे, खंडवा रोडला लागून माझ्या मेहुण्यांचं शेत आहे. रस्त्याच्या अलीकडे घर आणि विहीर, पलीकडे सोयाबीन. मधे रस्ता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्यांनी एक एटीव्ही घेतली, ती चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी. मुलं तिला ‘क्वाड’ म्हणतात. घेतल्यावर पहिल्याच रविवारी माझा सोळा वर्षांचा भाचा ती घेऊन पोहे-जिलबी आणायला निघाला. टपरी एक किलोमीटरसुद्धा नाही. पोहे घरी आले ते दुपारी, आणि तेही शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून. एटीव्ही पोलीस ठाण्यात होती.

मेहुणे फोनवर तावातावाने सांगत होते, “अहो, दुकानदार स्वतः म्हणाला होता, हिला आरटीओची गरज नाही!” दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त वाक्य अर्धं सोडलं होतं. शेतात फिरवायला गरज नाही, असं ते वाक्य होतं.

इंदूरच्या आसपास आता फार्महाउसवर एटीव्ही दिसतात, आणि थार तर दर तिसऱ्या गल्लीत आहे. पावसाळ्यात चोरल, पातालपाणी, जानापावकडे जाणाऱ्यांची रांग लागते. मातीत गाडी चालवण्याची हौस मलाही आहे, म्हणून उपदेश करायचा अधिकार नाही. पण मी पाहिलेली जवळजवळ सगळी भानगड मातीत झालेली नाही, माती संपून डांबर लागतं तिथे झालेली आहे.

“हिला पासिंग लागतच नाही”

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ३९ सांगतं, की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही, आणि मालकाने कुणाला चालवूही द्यायची नाही. ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे फक्त हायवे नव्हे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे असा कुठलाही रस्ता, गल्ली, वाट त्यात येते. गावातला कच्चा रस्ता आला, कॉलनीतला रस्ताही आला. “मी फक्त रस्ता ओलांडत होतो” याला कायद्यात वेगळी जागा नाही. दंड पहिल्या वेळी दोन ते पाच हजार, पुन्हा सापडलात तर पाच ते दहा हजार आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

मग दुकानदार ज्या सवलतीवर बोट ठेवतात, ती कोणती? कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाची व्याख्या आहे, तिच्यातून रुळांवरच्या गाड्यांखेरीज दोन प्रकार वगळले आहेत. एक, कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेली खास गाडी. दोन, चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली गाडी. आता एटीव्हीची चाकं मोजा. चार. म्हणजे इंजिन पन्नास सीसीचं असो की वीसचं, दुसरी सवलत तिला मिळतच नाही. “पन्नास सीसीच्या आत सगळं माफ” हे मी इंदूरच्या दोन दुकानांत ऐकलंय, कुठून आलं देव जाणे.

बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या एटीव्हींचं असंच. २५० वॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग, म्हणून नोंदणी नको, हे खरं आहे, पण दुचाकीसाठी. चार चाकांवर तो नियम चिकटवता येत नाही.

आणखी एक गोंधळ नावाचा. आपल्याकडे ‘क्वाड्रिसायकल’ नावाचा अधिकृत वर्ग आहे. बजाजची क्यूट त्यात येते, आणि २०१८ पासून तो खासगी वापरालाही खुला झाला. नाव सारखं वाटतं म्हणून क्वाड बाईक त्यात बसत नाही. क्यूटला छत आहे, दारं आहेत, आणि ती चाचणी देऊन आलेली गाडी आहे.

खरी मेख त्या चाचणीतच आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मॉडेलला आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पुण्याची एआरएआय त्यांतली एक, ट्रॅक्टरसाठी आपल्याच मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र आहे. आणि इंदूरकरांना तर हे सांगायलाच नको, पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक घराशेजारीच आहे. प्रमाणपत्र मिळालेल्या मॉडेलबरोबर कंपनी ‘फॉर्म २२’ देते. ही गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे, असं कंपनीने लिहून दिलेलं. दुकानदार विक्रीचा ‘फॉर्म २१’ देतो. हे दोन कागद नसतील तर आरटीओत नोंदणीचा अर्ज पुढे सरकत नाही.

म्हणून एटीव्ही घेताना “पासिंग होईल का?” असं विचारू नका. त्यावर “हो जाएगा भिया” एवढंच उत्तर मिळतं. विचारा, “फॉर्म २२ मिळेल का?” बहुतेक दुकानांत इथे बोलणं थांबतं. एका कंपनीने मधे शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेतलेली एटीव्ही विकायला काढली होती. ती रस्त्यावर येऊ शकते, पण ट्रॅक्टरचे नियम घेऊन. मागे मैत्रीण बसवून सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला जायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

मेहुण्यांची पहिली शंका होती, “नंबर प्लेट आपणच लावून घेतली तर?” मी फोन ठेवून दिला.

टायर मातीचे, रस्ता डांबराचा

कायदा बाजूला ठेवला तरी एटीव्ही डांबरावर चालवणं धोक्याचंच, आणि त्याचं कारण तिच्या बनावटीत आहे. तिच्या टायरमध्ये हवा साधारण पाच-सात पीएसआय एवढीच असते, मोटारीच्या टायरच्या पाव भागाहूनही कमी. मातीत तो टायर पसरतो आणि पकड धरतो. डांबरावर मात्र तो फुग्यासारखा डुलतो. अनेक एटीव्हींत मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असतात, मोटारीसारखं डिफरन्शियल नसतं. वळताना आतल्या चाकाला कमी फिरायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त. मातीत चाक थोडं घसरून ते भागवतं. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून हँडल वळवलं तरी गाडी सरळ जाते, किंवा एकदम पकड धरून एका बाजूला उचलते. उंची जास्त, रुंदी कमी, मग उलटायला वेळ लागत नाही. “शेतात तर चाळीसने पळते” हा अनुभव रस्त्यावर कामाचा नाही.

मग पलीकडच्या शेतात न्यायची कशी? ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये चढवून. दोन मजबूत फळ्या, पार्किंग ब्रेक, चारी कोपऱ्यांना पट्टे. दहा मिनिटांचं काम आहे. मेहुणे आता हेच करतात, कुरकुरत का होईना.

मुलाच्या हातात चावी

यावर मला जरा रागानेच लिहायचंय. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आलं. अठराच्या आतल्या मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. “मला माहीतच नव्हतं” हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. पोहे आणायला पैसे देऊन वर चावीही आपणच दिली असेल, तर काय सिद्ध करणार?

रिसॉर्टच्या बंद आवारात, हेल्मेट घालून, माणूस सोबत असताना मुलं एटीव्ही फिरवतात, ती गोष्ट वेगळी. तिथेही एक बघा: आवाराचा ट्रॅक मधेच गावाच्या रस्त्यावरून जातो का? जात असेल तर तेवढ्या तुकड्यावर हे सगळं लागू आहे.

थारवाल्यांनो, आता तुम्ही

थार, जिमनी, जिप्सी यांना पासिंगची अडचण नाही, त्या रस्त्याच्याच गाड्या. अडचण त्यांना लावलेल्या दागिन्यांची. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या रूपापेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे दोनदा वाचा. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य ठरवतं, त्यामुळे चलानवरचा आकडा वेगळा दिसू शकतो.

पुढचा लोखंडी बंपर, म्हणजे बुल बार, याविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचं पत्र पाठवलं होतं. तो बसवल्याने धडकेचा जोर गाडीच्या सांगाड्याला वेगळ्या रीतीने पोचतो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकू शकतं. आणि समोरच्या पायी माणसाला लोखंड लागतं. काचेवरच्या काळ्या फिल्मला २०१२ पासून मनाई आहे. छतावरची एलईडीची पट्टी रस्त्यावर पेटवायची नाहीच. सिमरोळच्या घाटात ती पेटवून येणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही. सायलेन्सर बदलून आवाज वाढवला तर दहा हजारांपर्यंत दंड, आणि लायसनही तीन महिने जाऊ शकतं.

मोठ्या टायरचा एक तोटा कुणी सांगत नाही. टायरचा घेर दहा टक्क्यांनी वाढला तर स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने पळत असते. चलान आल्यावर “मी साठनेच होतो” असं म्हणणारा माणूस खोटारडा नसतो, त्याचे टायर खोटारडे असतात. टायर बदलायचेच असतील तर आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते, तेवढ्यावर थांबा.

“दुकानातच लावून दिलं” हा बचाव नाही. बिल दुकानाचं असतं, आरसी तुमची.

चिखलातून वर आल्यावर गाडी वेडंवाकडं करते?

मॅकेनिककडे धावण्याआधी हे तपासा.

वळताना स्टिअरिंग जड लागतं, गाडी अडखळते, खालून कटकट आवाज येतो: बहुधा फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद देणारी जोड, काढायची राहिलीये. थारसारख्या गाडीत फोर एच टाकल्यावर पुढचा आणि मागचा दांडा एकत्र जोडला जातो. कोरड्या डांबरावर तसंच चालवलं की ताण साठत जातो, आणि लिव्हरही निघत नाही. जबरदस्ती करू नका. सुरक्षित जागी चार-पाच मीटर सरळ मागे घ्या, ताण सुटतो, लिव्हर निघतो.

साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं: आपल्या माळव्याची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला लिंपल्यासारखी बसते आणि वाळली की विटेसारखी होते. लोक बॅलन्सिंगचे पैसे भरून येतात. आधी आतून पाणी मारून धुवा.

गाडी वळणावर झोकांड्या खाते: मातीसाठी हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत कमी केली होती ना? ती भरायची राहिलीये. पंप गाठेपर्यंत तीस-चाळीसच्या वेगावर जाऊ नका, नाहीतर टायर तापतो, आतून कापला जातो. छोटा कंप्रेसर सोबत ठेवणं सगळ्यांत स्वस्त.

ओढ्यातून आल्यावर ब्रेक लागत नाही: पाणी आहे. मागे-पुढे कुणी नाही बघून हळू चालवत पाय हलका दाबत राहा, कोरडे होतात.

आणि रस्त्यावर येण्याआधी टायर झटकून घ्या. तुमच्या टायरची काळी माती वळणावर पडली आणि वर पावसाची एक सर आली, की मागून येणाऱ्या स्कूटीवाल्यासाठी तो साबण आहे. नंबर प्लेट आणि मागचे दिवेही पुसा. चिखलाने झाकलेला नंबर म्हणजे लपवलेलाच नंबर.

दारं, छत काढून चालवायची मजा आवाराच्या आत. डांबरावर रोलबार धरून उभे राहणारे मित्र खाली बसतील आणि पट्टा लावतील, हे बघणं चालवणाऱ्याचं काम. पट्ट्याचा दंड हजार रुपये आहे, पण प्रश्न तो नाही.

डबवालीची जीप

हरियाणातल्या मंडी डबवालीहून सजवून आणलेल्या जीप इंदुरात बऱ्याच आहेत. दिसायला राजबिंड्या. घेण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून वाचा आणि आरसीशी ताडून बघा. इंजिन बदललेलं असेल आणि आरटीओची परवानगी नसेल, तर ती जीप नाही, भंगार आहे. परराज्यातला नंबर असेल तर बारा महिन्यांपलीकडे इथे ठेवायला नवीन नोंदणी लागते.

विमा

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि नोंदणी नसलेल्या एटीव्हीला तो मिळणं कठीण. म्हणजे पोह्याच्या टपरीवर कुणाला धक्का लागला, तर भरपाई घरातून. थारवाल्यांनी आपली पॉलिसी एकदा वाचावी: शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) यांत झालेलं नुकसान ती सहसा देत नाही. कंपनीला न सांगता केलेले बदलही दाव्याच्या वेळी आडवे येतात. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा वेगळा गुन्हा, मग ती दोघांचीच का असेना.

रालामंडल अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, टेकडी कितीही बोलावत असली तरी. चोरलकडे जाताना आरसी, विमा, पीयूसी, लायसन हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये चालतं, पण घरूनच उघडून ठेवा. खाली खोऱ्यात नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि पोलीस मात्र वर नाक्यावर हमखास भेटतो.