वाचनालयातले जुने फोटो ऑनलाइन कसे मांडावेत?

जुन्या वाचनालयाच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, फोटोंचं एक पाकीट असतंच. कोनशिला, व्याख्यानमाला, सुवर्णमहोत्सव, पुढच्या रांगेत टोपी घातलेली मंडळी. मागे ना नाव, ना साल. ती माणसं ओळखणारे सभासद दर वर्षी कमी होताहेत, म्हणून हे काम यंदाच हाती घ्या.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८मध्ये फ्लिकर या फोटो मांडण्याच्या संकेतस्थळावर सुमारे ३,००० जुने फोटो टाकले. बघणाऱ्यांनी खाली माणसं, गावं, तारखा लिहिल्या. ग्रंथालयाने ती माहिती पडताळली आणि त्याच वर्षात आपल्या तालिकेतल्या पाचशेहून अधिक नोंदी सुधारल्या. तालुक्याच्या वाचनालयालाही हे जमेल.

आधी फ्लिकरवर खातं उघडा, पण वाचनालयाच्या ईमेलवर. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर ठेवलेलं काम त्याच्या बदलीबरोबर निघून जातं. पासवर्ड लिहून बंद पाकिटात कार्यवाहांकडे द्या. फ्लिकरच्या मोफत खात्यात १,००० फोटो मावतात. सुरुवातीला तेवढे भरपूर झाले.

मग पाकिटातले फक्त वीस फोटो काढा. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने काढा. मागची बाजूही टिपा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. फोटोच्या मागे बॉलपेनने काही लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते; मऊ पेन्सिलीने कडेला क्रमांक टाका आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात ठेवा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

खरं काम फोटोखालच्या ओळी लिहिण्याचं आहे. प्रसंग, ठिकाण, साल, डावीकडून उजवीकडे नावं, सगळं मराठीतच लिहा. गावातला माणूस मराठीतच शोधणार. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ म्हणा. नाव कुणी सांगितलं आणि कधी, तेही नोंदवा. दुसऱ्या कुणी दुजोरा देईपर्यंत ‘खातरजमा बाकी’ हा शेरा राहू द्या. चुकीचं नाव एकदा पसरलं की पुसता येत नाही.

हक्कांचंही बघा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. स्टुडिओ गावात अजून चालू असेल तर लेखी परवानगी घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात.

याच खात्यावर रोजचं कामही होतं. दर शनिवारी नव्या पुस्तकांच्या मांडणीचा एक फोटो टाका, दूरच्या सभासदाला घरबसल्या कळतं. देवघेव नोंदवहीचं पान मात्र चौकटीत येऊ देऊ नका. कोण काय वाचतो हे वाचनालयाबाहेर जाता कामा नये. मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

ज्यांना चेहरे ओळखू येतील, त्यातले बरेच जण ऑनलाइन नसतात. ते सकाळी वर्तमानपत्र वाचायला येतात. म्हणून त्या वीस फोटोंच्या मोठ्या प्रती काढून वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी लावा, प्रत्येकाखाली कोरा कागद ठेवा आणि दोरीला एक पेन्सिल बांधा. संध्याकाळी कागद काढून नोंदी खात्यावर चढवा.