पेशी-उपचाराच्या स्टार्टअपमधील पहिले वर्ष : नागपूरहून एक अनुभव

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केल्यानंतर, कर्करोगावरील पेशी-उपचारांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये मी डेटा-विश्लेषणाचे काम स्वीकारले. त्या वेळी मला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बऱ्यापैकी येत होती. टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार, मात्र पाठ्यपुस्तकापुरत्याच माहीत होत्या.

कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, बहुधा लेंटिव्हायरस या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात कृत्रिम रिसेप्टरचे (कर्करोगाची पेशी ओळखणाऱ्या प्रथिनाचे) जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्या रुग्णाला परत देतात. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला 2017 मध्ये मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार19 ला भारतात 2023 मध्ये. दोन्ही उपचार बी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगांवर आहेत, आणि दोन्हींचे लक्ष्य त्या पेशींवरील सीडी19 हे प्रथिन आहे. त्यात निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून रुग्णाला सांभाळता येते. स्तन किंवा फुप्फुसाच्या गाठीत ही सवलत नसते, कारण गाठीवर दिसणारे प्रथिन बहुधा एखाद्या निरोगी अवयवावरही थोडेफार असतेच. म्हणून गाठीवर एकत्र आढळणारी आणि निरोगी ऊतीत एकत्र न आढळणारी प्रथिनांची जोडी शोधावी लागते, आणि लाखो पेशींच्या जनुकीय नोंदींतून ती शोधताना यंत्र-शिक्षण (मशीन लर्निंग) खरोखर उपयोगी पडते.

माझ्याकडे आलेले काम निराळे होते : कोणत्या टी-पेशी गाठीत जाऊन लवकर थकतील, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारण्याची क्षमता गमावतील, याचा अंदाज बांधणे. माझ्या मॉडेलची अचूकता पहिल्याच महिन्यात इतकी चांगली आली की मी सोमवारच्या बैठकीसाठी आलेखही तयार केले. आमच्या ज्येष्ठ मॅडमनी ते पाहून एकच प्रश्न विचारला, "अगं, तू पेशी वेगळ्या केल्यास, पण रुग्ण वेगळे केलेस का?" एकाच रुग्णाच्या पेशी प्रशिक्षणात आणि चाचणीतही असल्यामुळे मॉडेल थकवा ओळखण्याऐवजी रुग्ण ओळखायला शिकले होते. रुग्णांनुसार विभागणी केल्यावर निकाल कोसळला. मला फार वाईट वाटले, पण तोच आकडा खरा होता.

पुढे मी आग्रह धरून दोन आठवडे प्रयोगशाळेत उभी राहिले. गाठीचा तुकडा विकरांनी (एन्झाइमांनी) सुटा करताना पेशींवर ताण येतो आणि फॉस, जून यांसारखी जनुके सक्रिय होतात, हे तिथे समजले. माझ्या आलेखातील पेशींचा एक ठळक गट रोगामुळे नसून ट्रेमधील त्या तासाभराच्या ताणामुळे दिसत होता. संगणकाकडून या कामात येणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आठवडे मागून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षणाबाबत सांगायचे तर संख्याशास्त्र आणि फ्लो सायटोमेट्री (लेझरच्या मदतीने एकेक पेशी तपासण्याचे तंत्र) हे दोन विषय मन लावून करा. मुलाखतीत, नमुने कुठून येतात आणि त्यांना नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे विचारायला संकोचू नका. तयारीसाठी महागड्या अभ्यासक्रमाची गरज नाही. एकल-पेशी डेटा, म्हणजे एकेका पेशीची जनुकीय नोंद, सेलबायजीनसारख्या (CELLxGENE) ऑनलाइन संग्रहांत विनामूल्य मिळतो. अनेक रुग्ण असलेला एक संच निवडा, एकच मॉडेल आधी पेशींनुसार आणि मग रुग्णांनुसार विभागणी करून चालवा, आणि त्या दोन निकालांतील फरक का पडला हे लिहून मुलाखतीला सोबत न्या.