फारसीत ‘आर्मेनिया’ शोधू नका, ‘अर्मनेस्तान’ शोधा

इराणहून जमिनीच्या रस्त्याने आर्मेनियाला जायचं असेल, तर ‘आर्मेनिया’ म्हणून विचारल्यास समोरचा गोंधळू शकतो. फारसीत या शेजारी देशाचं नाव अर्मनेस्तान.

१. उच्चार ‘अर्मने-स्तान’, शेवटचा ‘आ’ लांब. पाटीवर अक्षरं उजवीकडून अशी: अलिफ, रे, मीम, नून, सीन, ते, अलिफ, नून.

२. ‘-ला’साठी आधी ‘बे’ लावा, ‘-हून’साठी ‘अज़’. ‘बे अर्मनेस्तान मीरवम’ म्हणजे मी आर्मेनियाला जातोय किंवा जातेय, दोन्ही. क्रियापदाला लिंगभेद नाही, हे मला फार सोयीचं वाटतं.

३. राजधानी येरेवानला फारसीत ‘ईरवान’ म्हणतात. बसचं विचारताना हेच नाव जास्त कामी येतं. सीमेवरचं इराणी ठाणं नोर्दूज़.

माणूस आणि भाषा, दोन्ही ‘अर्मनी’. जॉर्जियाचंही तसंच: गोर्जेस्तान, गोर्जी.

सावधान: ‘-स्तान’ काढून ‘-ई’ लावायचा हा नियम अफगाणिस्तानला लावू नका. इराणात ‘अफ़्ग़ानी’ हा शब्द अनेकांना हिणवल्यासारखा लागतो, ‘अफ़्ग़ानेस्तानी’ म्हणा. आणि इस्फहानच्या जुल्फा वस्तीतले अर्मनी पिढ्यान्‌पिढ्या इराणीच आहेत, त्यांना ‘अर्मनेस्तानहून कधी आलात’ असं विचारू नका.