नवी आवृत्ती, जुना डीएम: तीन दरवाजापाशी माझं काय चुकलं

कोल्हापुरात डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, प्रत्येकानं एक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) चालवायला शिकणारी पोरं-पोरी मला अधूनमधून गाठतात आणि विचारतात, "दादा, नियमांचं पुस्तक २०१४ चं घेऊ का २०२४ चं?" डी-२० म्हणजे काय (वीस बाजूंचा फासा), कॅरेक्टर शीट कशी भरायची, डीएमचं काम काय (गोष्ट आणि खेळ चालवणं), हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. उत्तर एवढंच आहे: कुठलंही घ्या, पण टेबलावर एकच ठेवा, आणि ते पहिल्या पानापासून असं वाचा की हा खेळ तुम्ही आधी कधी पाहिलाच नाही. हे कळायला मला एक अख्खा ग्रुप गमवावा लागला.

मी २०१२ ला सुरुवात केली, राजारामपुरीत एका दादाच्या खोलीवर. तो पुण्यात शिकून आला होता आणि येताना ३.५ या आवृत्तीची पुस्तकं घेऊन आला होता. फासे नव्हते. स्टीलच्या पेल्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, एक काढायची, वाचायची, परत आत टाकायची. वर्षभर आम्ही असेच खेळलो. पुढं कधीतरी वाचलं की १९७९ च्या सुमारास अमेरिकेत फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीनंच खोक्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. ते वाचून फार बरं वाटलं. तेव्हा फासे यायचेत म्हणून थांबू नका.

त्या दादाबद्दल माझ्या मनात अजून आदर आहे, तरीही हे सांगतो. तो पुस्तक उघडायचा नाही. कुणी नियम विचारला की म्हणायचा, "मी आहे की." असा माणूस तुमच्या टेबलावर असेल तर त्याच्याकडून गोष्ट रंगवायला शिका, गप्प बसलेल्या खेळाडूला बोलतं कसं करायचं ते शिका. नियम मात्र त्याच्याकडून घेऊ नका. तो लुटलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक एक्सपी (अनुभवाचा गुण, ज्यानं पात्र वरच्या लेव्हलला जातं) द्यायचा. हा ३.५ चाच नियम, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. ३.५ मध्ये तो नाहीच. तो होता गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ ला काढलेल्या मूळ खेळात. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो ऐच्छिक झाला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गेला.

या नियमापाशी जरा थांबतो, कारण परंपरा आणि बदल यांचं सगळं भांडण त्यात दिसतं. सोन्याला एक्सपी असेल तर शहाणा खेळाडू लढाई टाळतो. राक्षसाला मारून मिळणारा एक्सपी थोडा, जीव जायची भीती मोठी. म्हणून तो मागच्या दारानं आत शिरतो, पहारेकऱ्याला फितवतो, दोरी टाकतो, लूट घेऊन पसार होतो. सोन्याचा एक्सपी काढून घेतला आणि राक्षसाचा तेवढा ठेवला की तेच खेळाडू तलवारी उपसून धावायला लागतात. पुस्तकातली एक ओळ बदलते आणि अख्ख्या टेबलाची चाल बदलते. "जुना खेळ वेगळाच होता" असं म्हणणाऱ्या माणसाला म्हातारा म्हणून उडवून लावू नका, त्याला काय आठवतंय ते नीट विचारा. आणि जुनं म्हणून सगळंच डोक्यावरही घेऊ नका. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा होती. माझी चुलत बहीण पहिल्यापासून बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या, खेळते. ती मर्यादा वाचून ती पाच मिनिटं काही बोललीच नाही. ती परंपरा गेली याचा मला आनंद आहे.

आता ज्या सापळ्यात मी सापडलो तो.

२०२४ च्या शरद ऋतूत नवीन प्लेयर्स हँडबुक आलं. आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी ते घेतलं. शाहूपुरीत एका मित्राच्या गुळाच्या पेढीची माडी आमची बैठकीची जागा; दर रविवारी दुपारी तीनला खाली रव्यांची चढउतार आणि वर आमचं कॅम्पेन, म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी एकच गोष्ट. पार्टीनं पाचव्या लेव्हलची कॅरेक्टर्स नव्या पुस्तकातून बनवली. मी म्हटलं, ठीक आहे. मी स्वतः त्या पुस्तकातल्या क्लासच्या (पात्राच्या पेशाच्या) गोष्टी वाचल्या, शस्त्रांची नवीन मास्टरी वाचली, 'रेस' ऐवजी आता 'स्पीशीज' म्हणतात आणि अॅबिलिटीची वाढ बॅकग्राउंडमधून मिळते हे वाचलं. नवीन म्हणून जे डोळ्यांत भरत होतं ते सगळं वाचलं. लढाईचा भाग सोडून दिला. लढाई मला येत होती, बारा वर्षं चालवत होतो.

२०२५ च्या जानेवारीत पार्टी पन्हाळ्यावर पोचली. माझं कॅम्पेन पन्हाळ्याच्या नकाशावर रचलेलं आहे, अंधारबावेच्या खाली डन्जन आहे. तीन दरवाजापाशी आठ हॉबगॉब्लिन दबा धरून होते आणि पार्टीला ते दिसले नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही सरप्राइज्ड. पहिली टर्न गेली." 'रोग' (चोरट्या चालीचं पात्र) खेळणाऱ्या पोरीला म्हटलं, "तुझ्याकडं अलर्ट हे खास कसब आहे, तू सुटलीस." बाकीचे तिघं हात बांधून बसले. पहिल्या राउंडला विझार्ड पडला, दुसऱ्याला क्लेरिक, चौथ्याला पॅलाडिन. रोग एकटी पळाली आणि बाणांनी मेली. तेव्हा पॅलाडिनवाल्यानं पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. २०२४ च्या नियमात सरप्राइज झालेल्याची टर्न जात नाही. त्याला इनिशिएटिव्हला (कुणाची टर्न आधी, ते ठरवणाऱ्या फाशाला) डिसअॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन डी-२० टाकून छोटा आकडा घ्यायचा, बस्स. आणि नव्या अलर्टमध्ये सरप्राइजपासून सुटका लिहिलेलीच नाही. तो इनिशिएटिव्हमध्ये प्रोफिशियन्सी मिळवतो आणि जोडीदाराशी टर्नच्या क्रमातली जागा बदलू देतो. म्हणजे तिघांना मी जुन्या नियमानं बांधलं होतं आणि चौथीला जुन्या नियमानं सोडलं होतं, आणि चौघांचीही कॅरेक्टर्स नव्या पुस्तकातली होती.

त्या वेळी मी चूक मान्य करायला हवी होती. मी म्हटलं, "बारा वर्षं खेळतोय, मला शिकवू नको." हे वाक्य मी विसरू शकत नाही. पुढच्या रविवारी माडीवर मी आणि पेढीवाला मित्र, दोघंच होतो. पाच महिने टेबल बसलं नाही.

हा 'सरप्राइज' शब्द तुम्ही नीट बघा, मग सापळा कळेल. पहिल्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत साधारणपणे डी-६ वर १ किंवा २ पडले की सरप्राइज, आणि तेवढे सेगमेंट (राउंडचे छोटे तुकडे) वाया. दुसऱ्या आवृत्तीत डी-१० वर १ ते ३. तिसरीत वेगळा सरप्राइज राउंडच आला: ज्यांना धोका आधी कळला ते त्यात हलणार, बाकीचे नाहीत. २०१४ मध्ये सरप्राइज राउंड गेला, पण सरप्राइज्ड माणूस पहिल्या टर्नला हलू शकत नाही, अॅक्शन घेऊ शकत नाही आणि ती टर्न संपेपर्यंत रिअॅक्शनही नाही. २०२४ मध्ये फक्त डिसअॅडव्हान्टेज. शब्द तोच, अर्थ पाच. पूर्ण नवीन नियम आला तर तुम्ही तो वाचताच, कारण तो ओळखीचा नसतो. ओळखीचं नाव दिसलं की डोळा पुढं सरकतो, आणि नेमका तिथंच नियम बदललेला असतो.

म्हणूनच हा सापळा नवख्याला लागत नाही. आमच्यासारख्यांना लागतो.

सरप्राइज एकटं नाही. २०१४ ला पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट (जास्तीचं नुकसान करणारी दैवी ताकद) फटका लागल्यावर वर चढवता यायचा, एका टर्नला दोनदासुद्धा. २०२४ मध्ये तो स्पेल झाला आणि बोनस अॅक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) मागतो, म्हणजे टर्नला एकदाच, शिवाय काउंटरस्पेलनं (दुसऱ्याचा मंत्र मोडणाऱ्या मंत्रानं) अडवताही येतो. ग्रॅपलला (पकडीला) पूर्वी दोघांनी चेक टाकायचे, आता फक्त समोरचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकतो. इन्स्पिरेशननं अॅडव्हान्टेज मिळायचा, आता हिरोइक इन्स्पिरेशननं एक फासा परत टाकता येतो. एक्झॉस्शनचा (थकव्याचा) सहा पायऱ्यांचा तक्ता गेला; आता दर पायरीला डी-२० च्या चाचण्यांत २ वजा, वेग ५ फुटांनी कमी आणि सहाव्या पायरीला मरण. हीलिंग पोशन प्यायला अख्खी अॅक्शन लागायची, आता बोनस अॅक्शन. जखमा भरणारा क्युअर वून्ड्स एका डी-८ वरून दोन डी-८ वर गेला. यातलं एकही नाव नवीन नाही.

"काय काय बदललं" असे दहा मिनिटांचे व्हिडिओ मिळतात. मी तेही पाहिले होते, आणि त्यांच्यावर माझा राग आहे. ते क्लासमधलं नवीन तेवढं दाखवतात, चित्रं दाखवतात. तुमच्या डोक्यात कुठला जुना नियम घट्ट बसलाय ते त्यांना कसं कळणार? अॅपमध्ये कॅरेक्टर बनवणं हाही तसलाच शॉर्टकट. बेरीज बरोबर येते, नियम डोक्यात जात नाही. पहिली तीन कॅरेक्टर्स पेन्सिलनं, कागदावर, पुस्तक मांडीवर घेऊन बनवा. चोरीची पीडीएफ झेरॉक्स करून वापरू नका. त्यात आवृत्त्यांची पानं मिसळलेली मी स्वतः पाहिलीत. मूळ नियमांचा बराच भाग एसआरडी (कंपनीनं खुला केलेला नियमांचा संच) म्हणून फुकट मिळतो, ५.१ जानेवारी २०२३ पासून आणि ५.२ एप्रिल २०२५ पासून, दोन्ही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. गरीब घरातल्या पोराला खेळ सुरू करायला तेवढं पुरतं.

मी बाहेर कसा आलो? माझ्या काकांमुळं. ते तालमीत वाढलेले, या खेळातलं त्यांना काही कळत नाही. मी नाराज बसलेलो बघून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही पुस्तकं हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "माती का मॅट, हे आधी ठरवलं नव्हतंसा व्हय?" मग खाशाबा जाधवांचं सांगत बसले. लाल मातीत तयार झालेला पैलवान १९४८ ला लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला. मातीत चितपट केलं की कुस्ती संपते. मॅटवर गुणही मोजतात. पुढची चार वर्षं खाशाबांनी त्याच मॅटची तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. काका म्हणाले, डाव त्याला आधीपासून येत होतेच. मी दुसऱ्या दिवशी लढाईचा भाग काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचला.

तुम्ही हेच करा, सेशन घ्यायच्या आधी. वहीत डावीकडं तुम्हाला "येतंय" असं वाटणारे वीस शब्द लिहा: हाइड, सरप्राइज, ग्रॅपल, रिअॅक्शन, पोशन, जे सुचतील ते. प्रत्येकासमोर पुस्तक न बघता नियम लिहा. मग २०२४ च्या हँडबुकाच्या शेवटी नियमांचा कोश आहे तो उघडा आणि ताडून पाहा. माझे वीसपैकी नऊ चुकले. तुमचे दोन चुकतील कदाचित, पण ते दोन कुठले हे टेबलावर कळण्यापेक्षा वहीत कळलेलं बरं. आणि भिंतीला एक कागद चिकटवा: आवृत्ती कुठली, आणि आपण मुद्दाम बदललेले नियम कुठले. जुना नियम आवडत असेल तर तो जरूर घ्या, पण त्या कागदावर लिहून, सगळ्यांना विचारून. आमच्या कागदावर सोन्याचा एक्सपी आहे. पाचही जणांनी हात वर केले होते.

घाबरू मात्र नका. दर आवृत्तीला असंच रान उठतं. २००८ ला चौथी आवृत्ती आली तेव्हा हा खेळच राहिला नाही म्हणून इतके लोक रागावले की ३.५ च्या पायावर २००९ ला पाथफाइंडर हा वेगळा खेळच उभा राहिला. आणि त्याच चौथ्या आवृत्तीतला 'ब्लडीड', म्हणजे निम्मे किंवा त्याहून कमी हिट पॉइंट (जीव) उरलेला, २०२४ मध्ये परत आला. आता कुणी कुरकुर करत नाही. तुमची २०१४ ची साहसं नव्या नियमांत चालतात. माझ्या पन्हाळ्याचा नकाशा मला बदलावा लागला नाही. आणि बदलाचीच भीती वाटत असेल तर कॉल ऑफ कथुल्हू चालवून बघा: १९८१ चा खेळ, २०१४ ला सातवी आवृत्ती आली, आणि जुन्या साहसातले गुण पाचानं गुणले की बहुतेक काम होतं.

जूनमध्ये मी चौघांना एकेक करून भेटलो. रंकाळ्यावर पॅलाडिनवाल्याला म्हटलं, तुझं बरोबर होतं, पुस्तक तू उघडलंस, मी उघडायला हवं होतं. तो म्हणाला, "तेवढंच ऐकायचं होतं भावा." ती लढाई आम्ही झालीच नाही असं धरलं. परवाच्या रविवारी माडीवर परत तीन दरवाजा मांडला, आठ हॉबगॉब्लिन, तोच दबा. सगळ्यांनी इनिशिएटिव्हला दोन-दोन डी-२० टाकले, छोटा आकडा घेतला. क्लेरिकचे दोन्ही फासे १७ च्या वर पडले आणि पहिली टर्न तिचीच आली.