पदवीचा संशोधन प्रबंध: विषयाआधी पुरावा बघा

‘समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम’ हा प्रबंधाचा विषय होत नाही, त्यात अख्खं ग्रंथालय मावेल. पदवीच्या प्रबंधाला हाताशी जेमतेम दोन सत्रं असतात आणि त्यातही बाकीचे पेपर असतातच. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. या मुदतीत कोणता पुरावा खरोखर हाती येईल ते आधी बघा आणि त्या मापाचा प्रश्न कापा.

एका कागदावर पाच गोष्टी लिहा: प्रश्न एका वाक्यात, पुरावा कुठे आहे, तो कोणाच्या परवानगीने मिळेल, कसा तपासणार, आणि उत्तर अपेक्षेच्या उलट आलं तर काय लिहिणार. शेवटचा रकाना कोरा राहत असेल तर प्रश्न बदला. ‘हो’ आलं तरच ज्याचा प्रबंध होतो, त्या प्रश्नात सहसा आपलं मत लपलेलं असतं.

वाचनासाठी अलीकडचे दोन-तीन आढावा लेख घ्या. त्यांच्या संदर्भसूचीतून मागे जा आणि गूगल स्कॉलरवर ते लेख पुढे कोणी उद्धृत केले ते पाहा. नवे लेखही वाचून झालेल्यांकडेच बोट दाखवू लागले, की थांबा. झोटेरोसारखं संदर्भ साठवणारं साधन पहिल्या दिवसापासून वापरा. टिपण काढताना लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह लिहा आणि तुमचं म्हणणं वेगळ्या रंगात. नकळत होणारी वाङ्मयचोरी इथेच जन्मते: चार महिन्यांनी वहीतलं वाक्य आपलं की लेखकाचं, हे आठवत नाही. एआयने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघा. अस्तित्वातच नसलेले लेखही तो ठामपणे सांगतो.

माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या प्रश्नावलीच्या आधी हवी. गोळा झालेल्या माहितीला मागाहून मंजुरी मिळत नाही, आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत आला की काही आठवडे सहज जातात.

आता आकड्यांचं. दोन गटांची तुलना करताना मध्यम फरक (कोहेनचा डी 0.5, म्हणजे सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा) 80 टक्के शक्यतेने पकडायचा, तर 0.05 पातळीच्या (फरक नसताना तो ‘सापडण्याचा’ धोका 5 टक्के) दुबाजू, म्हणजे दोन्ही दिशांचा फरक तपासणाऱ्या, चाचणीला प्रत्येक गटात 64 जण लागतात, म्हणजे एकूण 128. पदवीच्या विद्यार्थ्याला एवढे मिळणं कठीण. मग त्याच माणसांना दोन्ही परिस्थितींतून न्या. दोन्ही वेळच्या गुणांत 0.5 सहसंबंध असेल तर 34 जण पुरतात. फक्त अर्ध्यांना क्रम उलटा द्या, नाहीतर सराव आणि थकवा यांचा परिणाम निष्कर्षात मिसळतो. कोणती चाचणी लावणार तेही आधीच लिहून ठेवा. खरा परिणाम कुठेच नसताना 20 स्वतंत्र चाचण्या केल्या, तरी एखादी ‘सिग्निफिकंट’ (खरा फरक दाखवतेय असं भासणारी) निघण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते.

प्रयोगशाळेत वेगळाच सापळा असतो. एकाच नमुन्याचं तीनदा मापन केलं म्हणून नमुने तीन होत नाहीत. त्यातून मापन दरवेळी किती सारखं येतं ते कळतं, जीवांमधला फरक नाही. वही त्याच दिवशी, तारखेसह लिहा. फसलेला प्रयोगही लिहा.

मुलाखतींचा हिशेब हमखास चुकतो. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास लागतात. बारा मुलाखती म्हणजे 48 ते 72 तास, आणि विश्लेषण त्यानंतर. अभिलेखागारात आधी फाइलच्या मुखपृष्ठाचा फोटो घ्या, मग आतली पानं. फाइल क्रमांक नसलेला सुंदर फोटो तळटीपेत निरुपयोगी. साहित्यात कोणती आवृत्ती वापरणार ते ठरवून टाका, आणि कथानक सांगण्यात पानं घालवू नका. परीक्षकाने पुस्तक वाचलेलं असतं.

गणितात नवं प्रमेय सिद्ध करावंच, असं बहुधा कोणी मागत नाही. ज्ञात सिद्धतेतल्या वगळलेल्या पायऱ्या भरा, आणि प्रत्येक अट नेमकी कुठे वापरली ते शोधा. क्लोज्ड इंटरव्हलवरचं (दोन्ही टोकं धरलेल्या मर्यादित अंतरावरचं) कंटिन्युअस, म्हणजे सलग, फंक्शन आपली कमाल किंमत गाठतं. इंटरव्हल ओपन केला, म्हणजे टोकं वगळली, की 0 आणि 1 यांच्यामधलं साधं ‘फ(क्ष) = क्ष’ही ती गाठत नाही. अट काढून असं उदाहरण देता आलं, तर तो प्रबंधातला तुमचा स्वतःचा भाग.

लिहिताना प्रस्तावनेपासून सुरू करू नका. प्रयोगावर किंवा सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधात पद्धतीचं प्रकरण काम चालू असतानाच लिहा, मग निष्पत्ती, चर्चा, प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी सारांश. मार्गदर्शकांना अख्खा प्रबंध एकदम पाठवू नका. एकेक प्रकरण द्या आणि वाचायला दोन आठवडे धरा. भेटीच्या आदल्या दिवशी झालेलं काम, अडलेली जागा आणि प्रश्न असं एक पान पाठवा. भेटीत ठरलेलं त्याच संध्याकाळी ईमेलने कळवा, म्हणजे ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हा प्रसंग टळतो.

प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे ‘फायनल’, ‘फायनल-2’ आणि ‘खरंच-फायनल’ यांतली ताजी कोणती, हे छपाईच्या दिवशी शोधावं लागत नाही.