बांबूचं कुंपण: आधी कंद बघा, मग रोप घ्या

पहिले दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती वीतभर खोल ओली झाली की बांबूच्या कुंपणाची लावणी उरकून घ्यावी. बेट करणाऱ्या जाती याच दिवसांत कोंब काढतात, म्हणून आत्ता लावलेलं रोप पावसाळा सरायच्या आत मूळ धरतं. ऐन उन्हाळ्यात लावलेलं रोप पाणी देऊनही पानं गुंडाळून बसतं.

कुंपण फसतं ते बहुतेक वेळा जातीच्या निवडीत. बांबूचे कंद मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक आखूड, जाड, शिंगासारखा वर वळलेला. त्याचा नवा कोंब जुन्या काठीला खेटूनच येतो आणि बेट सावकाश रुंदावतं. दुसरा दोरीसारखा लांब, जमिनीखालून आडवा पळणारा. त्याचा कोंब दोन-तीन मीटरवर, प्रसंगी शेजारच्या वाफ्यात डोकं काढतो. रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर विसंबू नका, पिशवीतली माती थोडी बाजूला सारून कंद बघा. तो दिसत नसेल तर काठी बघा. फिलोस्टॅकिस या धावणाऱ्या गटात प्रत्येक गाठीवर साधारण दोनच फांद्या असतात आणि फांद्यांच्या बाजूने कांडं खाचदार असतं. बांबुसा गटात कांडं गोल, गाठीवर फांद्यांचा झुपका.

घरच्या बागेला बांबुसा मल्टिप्लेक्स सर्वांत सोयीचा: बोटाएवढी काठी, खालपर्यंत पाला आणि छाटणीची तक्रार नाही. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला बांबुसा व्हल्गॅरिस देखणा खरा, पण तो मनगटापेक्षा जाड होतो आणि 10 मीटरच्या वर जातो. लहान बागेच्या कडेला लावू नये.

भिंतीपासून मीटरभर जागा सोडून 60 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल चर खणा. निघालेल्या मातीच्या तीन भागांत एक भाग कुजलेलं शेणखत मिसळून चर भरा. दोन रोपांत 75 सेंमी ठेवलं तर 10 मीटरला 14 रोपं लागतात. पिशवीत गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. तशीच ठेवली तर ती गोलच फिरत राहतात. रोप पिशवीत होतं त्याच खोलीवर बसवा, फार तर दोन बोटं खाली. पाणी साचणारी जागा असेल तर वरंब्यावर लावा, कारण तुंबलेल्या पाण्यात कंद सडतो.

पहिल्या वर्षी पेन्सिलीएवढ्या काड्या आल्या की लोकांचा धीर सुटतो. कोंब ज्या जाडीने जमिनीबाहेर येतो तीच त्या काठीची कायमची जाडी, आणि उंचीही दोन-तीन महिन्यांत पुरी होते. कुंपण उंच होतं ते पुढच्या वर्षीच्या जाड कोंबांमुळे, आणि त्यांना पोसणारं अन्न याच बारीक काड्यांच्या पानांत तयार होतं. म्हणून पहिली दोन वर्षं कोयता लांब ठेवा आणि पावसाने ओढ दिली की पाणी द्या.

शेंडा कापलेली काठी पुन्हा उंच होत नाही, तिच्या फांद्या मात्र दाट होतात. काप गाठीच्या लगेच वर घ्या. मधे घेतला तर पोकळ कांड्यात पाणी साचून कुजतं. हवी त्या उंचीपेक्षा वीतभर खाली कापा, फांद्या तेवढ्या वर येतातच. चार वर्षांपुढच्या निस्तेज, डागाळलेल्या काठ्या पाऊस संपल्यावर जमिनीलगत काढा. कोंब निघत असताना बेटात शिरू नका, पायाखाली तो काकडीसारखा मोडतो.

धावणारी जात आधीच लावून बसला असाल, तर भोवती 1.5 मिमी जाडीचा एचडीपीई (टणक, टिकाऊ प्लास्टिक) पत्रा 70 सेंमी खोल गाडा. वरची कड बाहेर कललेली आणि मातीच्या 5 सेंमी वर हवी. कंद पत्र्याला धडकून वर वळतो आणि कडेवर दिसतो, तिथे तो कापायचा. वर्षातून एकदा ही फेरी चुकवू नये.

काठीवर मुंग्यांची रांग आणि पानांवर काजळी दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, उरल्यास निंबोळी अर्क मारा. नवी पालवी फुटताना जुनी पानं पिवळी पडून गळतात, तो रोग नव्हे. हा पाला झाडून टाकू नका. त्यात सिलिका भरपूर असते आणि बांबूला ती लागते.