संकेतस्थळ मंद आहे, पण नेमके कुठे?

कार्यालयातल्या फायबरवर आपले संकेतस्थळ झटकन उघडते, यावरून काहीच सिद्ध होत नाही. वाचक ते एसटीत बसून, घाटात येणाऱ्या-जाणाऱ्या रेंजवर उघडत असतो. म्हणून मोजणीची सुरुवात त्याच्या फोनपासून करावी.

प्रथम पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेगमापक साधनात आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकावा. भेटी पुरेशा असतील, तर वरच्या भागात क्रोमवरील खऱ्या वाचकांचा मागील २८ दिवसांचा अनुभव दिसतो. खाली शंभरपैकी गुण असतात आणि सगळ्यांचा डोळा तिथेच जातो, पण ती एका कृत्रिम चाचणीची गुणपत्रिका आहे. वरच्या भागात ७५ टक्के भेटींमध्ये पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर सरकण्याचा निर्देशांक ०.१ पेक्षा अधिक नसावा.

मग लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून क्रोममध्ये एफ१२ दाबावे, नेटवर्क टॅबमध्ये कॅश (ब्राउझरने आधी साठवलेल्या प्रती) बंद करून पान पुन्हा उघडावे आणि पहिल्या ओळीच्या पट्टीवर माउस न्यावा. जोडणीलाच वेळ लागत असेल, तर नेटवर्क किंवा अंतर आडवे येते आहे. जोडणी चटकन होऊन पुढे नुसते थांबणे असेल, तर दोष बहुधा सर्व्हरचा किंवा डेटाबेसचा. अंतराचा हिशेब सोपा आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबई ते अमेरिकेतील व्हर्जिनिया या जवळपास १३,००० किलोमीटर अंतराच्या जाऊन-येऊन एका फेरीला किमान १३० मिलिसेकंद हवेत. टीसीपी (जोडणी), टीएलएस १.३ (ती सुरक्षित करणे) आणि पानाची प्रत्यक्ष मागणी अशा तीन फेऱ्यांत पहिला बाइट येण्याआधीच ०.४ सेकंद जातात. एचटीटीपी/३ ही वेबच्या देवाणघेवाणीची नवी पद्धत त्यातली एक फेरी वाचवते, परंतु मुंबईत केंद्र असलेले सीडीएन, म्हणजे पानाच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, घेणे अधिक गुणकारी.

मराठी संकेतस्थळांवर आणखी एक ओळ निरखून पाहावी, ती फाँटची. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँट जड असतो, आणि तो उशिरा येऊन आधीच्या फाँटची जागा घेतो तेव्हा ओळी तुटून परिच्छेद खाली सरकतो. डब्ल्यूओएफएफ२ हे आकुंचित फाँट-स्वरूप वापरावे, अक्षरांच्या दोनच जाडी ठेवाव्यात आणि फाँट प्रीलोड करावा, म्हणजे तो आधीच मागवून घ्यावा. फाँट हलका करायला नको असलेल्या अक्षरांची छाटणी करताना मात्र जोडाक्षरांचे नियम गळाले, तर ‘विद्या’मधला पाय मोडलेला ‘द’ उघडा पडतो.

सततच्या देखरेखीसाठी वेब-व्हायटल्स ही वरची तीन मापे मोजणारी छोटी लायब्ररी (तयार कोड) पानात घालून प्रत्येक भेटीचे आकडे आपल्याच सर्व्हरकडे पाठवावेत. सोबत पानाचा पत्ता, ब्राउझर सांगेल तो नेटवर्कचा प्रकार आणि मागणीचा ट्रेस क्रमांक (प्रत्येक मागणीची वेगळी ओळख) नोंदवावा, म्हणजे एखादी रखडलेली भेट सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, नेमकी सापडते. सरासरी काढू नये. ती जलद भेटींच्या आड मंद भेटी लपवते. दुरुस्तीनंतर ही नोंद दुसऱ्याच दिवशी फरक दाखवते, पेजस्पीडच्या वरच्या भागात मात्र तो पूर्ण उमटायला चार आठवडे लागतात.